सहा फरशा

आंघोळीचा पहिला तांब्या डोक्यावर ओतताना माणूस श्वास रोखून धरतो, हे मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कळलं. त्याआधी इतकी वर्षं मी तो रोज रोखत होतो आणि सोडत होतो, पण दखल घ्यायची गरज कधी पडली नव्हती. आता रोखलेला श्वास परत यायला वेळ लावतो. मी न्हाणीघरात स्टुलावर बसून, नाकावरून पाणी निथळत असताना, त्याची वाट बघतो. बाहेरून बायको विचारते, "अहो, झालं का?" उत्तर द्यायलासुद्धा श्वासच लागतो. म्हणून मी तांब्या बादलीच्या काठावर दोनदा वाजवतो. आमच्या घरात त्याचा अर्थ 'अजून आहे' असा आहे.

हे मी हसत हसत लिहितोय, पण त्या दोन ठोक्यांच्या आधी जो वेळ जातो तो हसण्यासारखा नसतो.

आजार फुप्फुसांचा. जुना, सावकाश वाढणारा, मागे न फिरणारा. ही तिन्ही विशेषणं डॉक्टरांची. कारण माझं स्वतःचं. सुलतान बाजारात आमचं कापडाचं दुकान. आजोबा परभणीकडची शेती भावांवर टाकून इथे आले आणि निजामाच्या काळात दुकान थाटलं. त्यांनी मला गज धरायला शिकवलं, आणि दुकानामागच्या बोळात सिगारेट धरायला मी स्वतःच शिकलो. चाळीस वर्षं ओढली. डॉक्टरांनी विचारलं, "दिवसाला किती?" मी म्हणालो, "पाच." बायको शेजारी बसली होती. ती म्हणाली, "पाच तर सकाळच्या चहाबरोबर." तिथपासून डॉक्टर माझा कुठलाही आकडा तिच्याकडे बघूनच लिहून घेतात.

गोष्टी सांगायचा मला नाद. गिऱ्हाईक कापड बघत असलं की मी किस्सा सुरू करायचो, आणि किस्सा संपेपर्यंत ते दोन मीटर जास्तीचं घेऊन जायचं. आता किस्सा अर्ध्यात आला की श्वास संपतो. लोक हसायच्या तयारीत थांबलेले असतात आणि मी काउंटरला धरून तोंड उघडं टाकून उभा. एका बाईनं तर मलाच पाणी आणून दिलं आणि परकर न घेताच गेली. शेवट सांगून होण्याआधीच आपण थांबलो तर, ही भीती मला पहिल्यांदा दुकानात वाटली, दवाखान्यात नाही.

तर चालण्याची परीक्षा. नामपल्लीच्या बाजूला ज्या दवाखान्यात मी जातो तिथे एक लांब व्हरांडा आहे. दोन टोकांना दोन नारिंगी शंकू ठेवतात, रस्ता खणताना ठेवतात तसले. अंतर तीस मीटर. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात आणि सहा मिनिटं चालायला लावतात. पळायचं नाही, बोलायचं नाही, दमलात तर भिंतीला टेकून उभं राहायचं, घड्याळ मात्र थांबत नाही. शेवटी किती मीटर झाले ते मोजतात. एवढंच. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो होतो. सहा मिनिटं चालण्यात कसली आलीय परीक्षा? त्या वेळी तीनशे तीस मीटर झाले आणि शेवटच्या मिनिटाला मला व्हरांड्याच्या खिडक्या एकाऐवजी दोन-दोन दिसत होत्या.

डॉक्टर हिंदीत बोलतात, मी मराठीत ऐकतो. ते म्हणाले, "फुंकून बघायच्या मशीनपेक्षाही कधी कधी मला हा आकडा जास्त सांगतो. जो चालू शकतो तो टिकतो. हा आकडा खाली यायला लागला तर मला घरच्यांसमोर बसून बोलावं लागेल. पुढच्या वेळी मॅडमना घेऊनच या."

घरच्यांसमोर बसून. ते वाक्य मी तीन महिने वागवलं. घरच्यांना समोर बसवून डॉक्टर काय बोलतात हे माझ्या वडिलांच्या वेळी मी ऐकलं होतं. त्यानंतर वडील सहा आठवडे होते.

त्या तीन महिन्यांत मला माहीत होतं की आकडा खाली आलाय. घरापासून दिलसुखनगरच्या बसस्टॉपपर्यंत आधी एकदा थांबत होतो, आता तीनदा. थांबताना मोबाइल बघायचं नाटक करायचो. बंद मोबाइल.

आणि तो दिवस आला. बायको डॉक्टरांच्या खोलीबाहेर नंबर लावून बसली. मी व्हरांड्यात. परीक्षा घेणाऱ्या बाई पन्नाशीच्या, तेलुगू, आवाज असा की भिंतीला टेकलेला माणूससुद्धा सरळ व्हावा. त्यांनी शंकू मांडले. मागच्या वेळी जमिनीवर पिवळ्या पट्टीची खूण होती. मधल्या काळात फरशीला पॉलिश केलं होतं, खूण गेली होती. बाईंनी फरशा मोजल्या. पन्नास फरशा, तीस मीटर. मग चिमट्याची बॅटरी संपली म्हणून नवी आणायला आत गेल्या.

बाकावर माझ्यानंतरचा पेशंट बसला होता. सत्तरीचा, शेरवान्या शिवणारा शिंपी. ओठांना शाईचं बोट पुसल्यासारखा रंग. मी कापडवाला म्हटल्यावर त्यानं डोळे बारीक केले होते. "सुलतान बाजार का? तुम लोगां का मीटर हमेशा चार उंगल कम. चालीस साल से तुम्हारी चोरी मैं पट्टी जोड़ जोड़ के छुपा रऊं."

"और तुम्हारी कतरन?" मी म्हणालो. "हर शेरवानी में से एक टोपी का कपड़ा गायब."

दोघंही हसलो, म्हणजे दोघांनीही हसायला सुरुवात केली आणि मग दोघंही खोकलो.

बाई आत गेल्या तशी मला तहान लागली. पाण्याचा नळ व्हरांड्याच्या पलीकडच्या टोकाला, दुसऱ्या शंकूच्या शेजारी. गेलो. पाणी प्यायलो. आणि परत फिरताना माझ्या पायानं तो शंकू अलीकडे ढकलला. मी पायानं म्हणतोय, कारण मनानं असं म्हणायला अजून जड जातं. चाळीस वर्षं कापड मोजताना माझा अंगठा गजाच्या टोकावर एक बोट पुढे बसतोय. कुणी सांगत नाही, कुणी बघत नाही, तो आपोआप बसतो. त्या दिवशी पायाला अंगठ्याची आठवण झाली. एक फरशी. मग वाटलं, एकानं काय होणार? आणखी दोन. शेवटी सहा झाल्या. आमच्या धंद्यात एवढं कापड खाल्लं तर गिऱ्हाईक पोलिसात जातं.

परत येऊन बसलो. शिंपी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होता.

चाललो. बाई दर मिनिटाला ओरडायच्या, "बाग चेस्तुन्नारु! अच्छा चल रहे, अंकल, मेल्लगा, धीरे!" छाती भात्यासारखी. पायात वाळू. शंकू जवळ आलेला असूनही दर फेरीला लांब गेल्यासारखा वाटायचा, आणि तेव्हाच पहिल्यांदा मनात आलं की तो जागेवर असता तर मी पोचलोच नसतो. शेवटी बाईंनी शिल्लक फरशा मोजून सांगितलं, "तीनशे पंचेचाळीस! पहले से पंद्रा ज्यादा!"

मी खुर्चीत. बोलायला श्वास नाही. आणि शिंपी उठला.

इथे मला थांबायला हवं, कारण लोकांना सांगताना मी हा भाग गाळतो. तो उठला, बाईंनी त्याच्या बोटाला चिमटा लावला, आणि तो त्याच शंकूंमध्ये चालू लागला. माझ्या हलवलेल्या शंकूकडे. मी नुसता हात वर केला असता तरी पुरलं असतं. श्वास नव्हता हे खरं. पण दुसऱ्या मिनिटाला श्वास परत आला, आणि मी बसूनच राहिलो. सहा मिनिटं. त्याचं एक पाऊल अर्ध्या फरशीचं पडत होतं. त्याचेही मीटर वाढले. बाई खूश. "आज सब का अच्छा दिन है!"

डॉक्टरांनी आकडा बघून भुवया उंचावल्या, बायकोकडे बघितलं. ती काय सांगणार, ती तर बाहेर होती. "छान," ते म्हणाले. "औषध तेच ठेवू. व्यायामाच्या वर्गात तुमचं नाव घालायचा विचार होता, पण जागा थोड्या आहेत. ज्यांचं चालणं घटतंय त्यांना आधी देतो."

लिफ्टपाशी शिंपी भेटला. चेहरा उजळलेला. "तीन महीने की जगह छे महीने बाद बुलाए! बेटी कू फोन करा मैं." त्यानं माझा हात दाबला. त्याची बोटं गार होती.

बसमध्ये खिडकीशी बसून मी हिशेब केला. सहा फरशा प्रत्येक खेपेला. कापडवाल्याला हे तोंडपाठ जमतं. तीनशे पंचेचाळीस नव्हे. जेमतेम तीनशे पाच. तीन महिन्यांत पंचवीस मीटर गेले होते. साडी पाच-साडेपाच मीटरची. म्हणजे जवळजवळ पाच साड्या माझ्या आयुष्याच्या ठाणातून कुणी कापून नेल्या होत्या, आणि ते माहीत असलेला जगात एकटा मी. शेजारी बायको बहिणीला फोनवर सांगत होती, "वाढलंय गं! डॉक्टर पण चाट पडले."

पुढे शिक्षा सुरू झाली, आणि ती बायकोच्या हातून. आत्तापर्यंत भाजीची पिशवी तीच धरायची. आता म्हणाली, "तीनशे पंचेचाळीस ना? मग घ्या पिशवी. हात-पाय हलते राहिले पाहिजेत." पाण्याचा कॅन मीच उचलायचा. दुकानाच्या पोटमाळ्यावरचे गठ्ठे मीच काढायचे. चिडायला जागा नव्हती. दवाखान्याच्या कागदावर लिहिलेलं होतं. रोज सकाळी उठलं की आज आपल्याला कशावर चढायला लावतील, याचीच धास्ती.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही रस्ता ओलांडायचा पूल चढत होतो. माझ्या हातात दोन किलो टोमॅटो आणि गोंगुऱ्याच्या भाजीच्या जुड्या. चौदाव्या पायरीवर श्वास आत गेला तो बाहेर येईना. बाहेर आला तर आत जाईना. मी कठड्याला धरलं. आजूबाजूचे आवाज पाण्याखालून यावेत तसे येऊ लागले. बायको चार पायऱ्या वर पोचली होती, मागे वळून म्हणाली, "या की! डॉक्टरांसमोर पळता आणि माझ्यासमोर नखरे?"

टोमॅटो सुटले. एकेक पायरी उतरत खाली गेले. वाजवायला तांब्या नव्हता. मी कठड्यावर अंगठी आपटली, दोनदा. तिला कळलं. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, आणि परत पाहायची इच्छा नाही.

ती माझ्यासमोर पायरीवर गुडघे टेकून बसली. औषधाचा फवारा तोंडाशी धरला. लोक वाट काढून जात होते. आणि त्या वेळी, हे खरं सांगतो, मला देव आठवला नाही, मुलगा आठवला नाही. शिंपी आठवला. त्याच्याही घरी आकडा वाढल्याचा आनंद असेल. त्यालाही कुणी म्हणत असेल, अब्बा, अब तो आप ठीक हैं, चढिए.

बोलता येऊ लागल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं, तिथेच, पायरीवर, तीन-तीन शब्दांच्या तुकड्यांत. शंकू. फरशा. शिंपी. मला वाटलं ओरडेल. तिनं टोमॅटो गोळा केले. मग म्हणाली, "गिऱ्हाइकाला फसवलंत, ते मी चाळीस वर्षं बघितलं. स्वतःलाच कमी कापड मोजून देणारा दुकानदार आजच बघितला." जरा थांबून, "आणि त्या म्हाताऱ्याचं काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दवाखान्यात. बाईंसमोर उभा राहिलो. सांगितलं. त्यांनी आधी तेलुगूत जे काही म्हटलं ते मला पूर्ण कळलं नाही आणि बायकोनं विचारू दिलं नाही. मग हिंदीत म्हणाल्या, "अंकल, ये खेल नहीं है. उस दिन आपके बाद एकीच पेशंट था. वो."

त्यांनी रजिस्टर काढून फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. मी त्यांच्या टेबलाच्या कडेला धरून उभा. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा कुणीतरी उचललं. मुलगी होती. बाईंनी फोन स्पीकरवर टाकला.

"अब्बा लेटे वे हैं," ती म्हणाली. "तीन-चार दिन से मशीन पे नहीं बैठे. पूछी तो बोलते, डॉक्टर छे महीने बाद बुलाए, कायकू जाना?"

"आज लेके आओ," बाई म्हणाल्या. "अभी."

दुपारी एकपर्यंत आम्ही बाकावर. लिफ्टचं दार उघडलं की मी उठायचो, बायको सदरा धरून बसवायची. चाकांच्या खुर्चीवरून आणलेला प्रत्येक माणूस तोच वाटायचा. मनात एकच वाक्य घोळत होतं, मी हात वर केला असता तर. आणि मग तो आला, मुलीच्या खांद्यावर हात, चालत. ओठ आणखी काळे.

त्याला आत नेलं, तपासलं, नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. ठेवून घेतलं. संध्याकाळी मी त्याच्या खाटेपाशी गेलो. माफी कशी मागायची याची वाक्यं तयार केली होती, छोटी छोटी, मध्ये श्वासाला जागा ठेवून. पहिलंच म्हटलं, "मियाँ, उस दिन वो शंकू मैंने..."

"देखा मैं," तो म्हणाला.

"देखा?"

"छे फरशी. मैं दर्जी हूं, सेठ. दूर से देख के सीना बता देतौं." तो थांबला, नळीतून श्वास घेतला. "सोचा, बोलूं. फिर सोचा, मेरा नंबर भी तो बढ़ेगा. बेटी खुश होयेगी." परत थांबला. "डर गया था मैं. तुम भी?"

मी मान हलवली. चाळीस वर्षं एकमेकांच्या धंद्यातली चोरी पकडणारे आम्ही दोघं, एका शंकूपाशी एकाच भीतीनं गप्प बसलो होतो.

पंधरा दिवसांनी दोघांची परीक्षा परत ठेवली. मी दुकानातून लोखंडी गज घेऊन गेलो, आजोबांच्या नंतर वडिलांनी घेतलेला, मीटरचा, शिक्का मारलेला. बाई म्हणाल्या फरशा मोजल्यात, गरज नाही. शिंपी बाकावरून म्हणाला, "नापने दो इनकू. सेठ, अंगूठा हटाओ."

अंगठा हटवला. वाकून तीस वेळा गज ठेवणं माझ्यानं होईना. दहावर मी खाली बसलो, पुढचे वीस बायकोनं ठेवले. शंकू जागेवर. मग चाललो. चौथ्या मिनिटाला भिंतीला टेकलो. बाईंनी वेळ सांगितली, बाकी काही नाही. बायको बघत होती. या वेळी ती बाहेर नव्हती. दोनशे अठ्ठ्याऐंशी.

डॉक्टरांनी घरच्यांना समोर बसवलं. ज्याला मी चार-साडेचार महिने घाबरत होतो ते बोलले. आजार पुढे सरकलाय. किती वर्षं, हे मी विचारलं, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते म्हणाले, "वर्षं मला मोजता येत नाहीत. चालणं मोजता येतं. चालणं वाढवता येतं का ते बघू. वाढेलच असा शब्द देत नाही." आणि व्यायामाच्या वर्गात नाव घातलं. जी जागा मी सहा फरशांना विकली होती ती.

वर्ग मंगळवारी आणि शुक्रवारी. खुर्चीतून उठणं-बसणं, पाण्याच्या बाटल्या उचलणं, ओठ आवळून श्वास सोडणं, आणि तोच व्हरांडा. शिंपी नळीसकट येतो. सिलिंडर चाकांवर, मुलगी ओढते. चालताना बोलायचं नाही असा नियम, पण शंकूला वळसा घालताना तो हळूच म्हणतो, "जागे पे है ना?" मी म्हणतो, "हौ." गज मी दर वर्गाला नेतो. मोजायची गरज नसते. तो आल्यावर आधी गज बघतो, मग मला सलाम करतो.

आज मंगळवार. मी नेहमीप्रमाणे लवकर येऊन बसलोय, आणि हे वर्गाच्या बाकावर बसून लिहितोय. गज मांडीवर. दहा वाजून गेलेत. त्याची खुर्ची रिकामी आहे. बायको म्हणते, ट्रॅफिक असेल, नामपल्लीला केव्हा नसतो? बाई म्हणतात, सुरू करा, अंकल. मी म्हटलं, दोन मिनिटं थांबा.

लिफ्टचा आवाज आला की मी वर बघतो. सिलिंडरच्या चाकांपैकी एक चाक कुरकुरतं, ते मला दुरून ओळखू येतं. तेवढंच ऐकायचंय.